लिव्हरपूलच्या भावपत्रकात उमरावती

माझे बाबा अमरावतीला अमरावती म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी कायम 'उमरावती'. शाळेत असताना मी त्यांना दुरुस्त करायची. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा उमरावती म्हणायचे. मँचेस्टरला आल्यावर जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मी तीन आठवडे चाचपडत होते. ती अडचण शेवटी बाबांच्या या उच्चारानं सुटली.

आम्ही मँचेस्टरला राहतो ती इमारत एके काळची सूतगिरणी आहे. आता तिचे फ्लॅट झालेत. स्वयंपाकघराच्या मधोमध छतापर्यंत गेलेला ओतीव लोखंडाचा खांब आहे आणि खिडक्या माणसाच्या दीडपट उंच. मी कापसाच्या घरातली. पऱ्हाटीच्या तासातून चालायला शिकले, वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवली, कापूस भरलेल्या खोलीत त्या ढिगावरच झोपले. त्यामुळे त्या खांबाला टेकून चहा पिताना एक प्रश्न सारखा यायचा: इथे जो कापूस कातला गेला, त्यात आमच्याकडचा होता का? असला, तर तो हाताळणाऱ्यांना कसा वाटला?

पुस्तकांतून याचं उत्तर ढोबळपणे मिळतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या भोवतालच्या परगण्यातल्या, गिरण्यांना लागणारा कापूस अडला. त्याआधी इथल्या गिरण्यांचा सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून यायचा. 1861 ते 1865 या काळाला इथे 'कॉटन फॅमिन' म्हणतात. कापसाचा दुष्काळ. दुष्काळ हा शब्द मला माहीत होता, पण पावसाशी जोडलेला. गिरणीच्या दारात पडलेला दुष्काळ माझ्यासाठी नवा होता. तो मला त्याच आठवड्यात छापलेल्या शब्दांत वाचायचा होता.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड फुकट मिळतं. त्या कार्डाच्या क्रमांकावर 19 व्या शतकातल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांचा एक मोठा संग्रह घरबसल्या उघडतो. दुसरा संग्रह ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हचा. तो 2011 मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या साथीनं सुरू झाला आणि त्यात आज कोट्यवधी पानं आहेत. त्याला वर्गणी पडते, पण ठरावीक पानं सगळ्यांना मोफत पाहता येतात. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं तर आपली जुनी वर्तमानपत्रं सरसकट खुली ठेवली आहेत. पुण्यात किंवा यवतमाळात बसूनही ती वाचता येतात, आणि ज्याला चव घ्यायची आहे त्यानं तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

मी शोधचौकटीत 'अमरावती' टाकलं. काहीच नाही. वऱ्हाड, बेरार, खामगाव, सगळं टाकून पाहिलं. इकडून तिकडून काही बातम्या आल्या, पण बाजाराच्या रकान्यात एकही नाव सापडेना. तीन आठवडे असेच गेले. मग एका रविवारी बाबांचा फोन आला. बोलता बोलता ते म्हणाले, "उमरावतीले गेलतो काल, बँकेत काम होतं." मी फोन ठेवला आणि तो उच्चार एखाद्या इंग्रज दलालानं कानावर पडेल तसा कसा लिहिला असेल, याचा विचार करत बसले. आधी दोन 'ओ', मग 'एम', पुढे 'रा', 'वु', शेवटी दोन 'टी' आणि दोन 'ई'. चौथ्या प्रयत्नाला पान भरून निकाल आले.

पहिलंच पान 'लिव्हरपूल मर्क्युरी'चं. कापसाच्या बाजाराचा रकाना. अक्षर इतकं बारीक की चारपट मोठं करावं लागलं. डाव्या बाजूला कापसाच्या जातींची नावं एकाखाली एक, आणि समोर पेन्समधले भाव. आधी अमेरिकेचे, तिथल्या बंदरांच्या नावांचे ऑर्लिन्स आणि मोबाइल, मग ब्राझीलचा पर्नाम्बुको, मग इजिप्तचा. तळाशी हिंदुस्थानचा माल: धारवाड, भडोच, धोलेरा, आणि त्यांच्या शेजारी उमरावती. भाव एक पौंड वजनाला इतके पेन्स. पेन्ससाठी तेव्हा इंग्रजी 'डी' वापरत. तो लॅटिन 'दिनारियस'चा, हे मला नंतर कळलं. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. आजी पै-आणे-रुपयांत हिशेब सांगायची, त्यामुळे हे गणित मला जड गेलं नाही.

मी पडद्यावरच्या त्या शब्दाला बोट लावलं. आमच्या तालुक्याचा कापूस त्यात नसेलही. पण बैलगाड्यांतून घाटाखाली मुंबईला उतरलेला, तिथे दाबून गाठी बांधलेला, शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिन्यांनी लिव्हरपूलच्या धक्क्याला लागलेला तो वऱ्हाडचाच कापूस होता. तेव्हा नागपूरची रेल्वे व्हायची होती, सुएझचा कालवाही व्हायचा होता. त्या रात्री मला झोप आली नाही. बाबांना कधी सांगते असं झालं होतं.

सांगायच्या आधी आणखी थोडं वाचावं म्हटलं, आणि तिथेच माझा उत्साह मावळला.

भावाच्या रकान्यात वेगवेगळी नावं होती, पण बातम्यांत, पत्रांत, सभांच्या वृत्तान्तांत पश्चिम हिंदुस्थानच्या सगळ्या कापसाला एकच नाव: 'सुरत'. सुरत बंदराचा व्यापार केव्हाच मुंबईला गेला होता, तरी नाव तेच चिकटून राहिलं होतं. लँकेशायरच्या बोलीत त्याचा उच्चार 'शुरत', आणि तिथे ती शिवीच झाली होती. नुसतं वाईट नाही, हात लावताच चीड यावी असं काहीही म्हणजे शुरत. प्रार्थनासभेत कुणीतरी देवाकडे कापूस मागितला, तेव्हा मागून आवाज आला, "पण देवा, सुरती नको." हा किस्सा इथे आजही सांगतात. स्थानिक वर्तमानपत्रांत कवितेचा एक कोपरा असायचा, आणि त्यात मागावरची माणसं आपल्या बोलीत रचलेली गाणी पाठवायची. एक्सेटर विद्यापीठानं या काळातल्या अशा कविता गोळा करून खुल्या केल्या आहेत. त्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी माझ्या कानावर हात मारल्यासारखं होतं.

एवढा राग का, हे समजून घ्यायला मला महिनाभर लागला. आमच्याकडच्या त्या वेळच्या देशी कापसाचा तंतू आखूड. इथली यंत्रं अमेरिकेच्या लांब तंतूसाठी बसवलेली. रुळांमधलं अंतर त्याच मापाचं. आखूड तंतू त्यात पकडला जात नसे. सूत कच्चं निघायचं आणि मागावर चढलं की तुटायचं. वर गाठींत सरकी, पत्ती, माती. दाबलेला कापूस सोडवायला इतका झोडपावा लागे की उरलासुरला तंतूही तुटे, आणि खोलीभर धूळ उडे. सुताला बळ यावं म्हणून कांजीत पांढरी माती घालायचे. तिचा वास, तिची भुकटी पुन्हा विणणारीच्याच छातीत.

मजुरी ताग्यावर होती, तासावर नव्हती. धागा तुटला की माग थांबायचा. विणणारी बाई वाकून दोन्ही टोकं शोधायची, सांधायची, पुन्हा माग चालू करायची. जेवढा वेळ माग थांबला तेवढी तिची कमाई बुडाली. धोटा म्हणजे आडवा धागा मागात इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. त्याच्या भोकातून धागा ओवायला तो तोंडानं ओढून घ्यायची इथे रीत होती. धोट्याला ओठ लावायचे आणि श्वास आत घ्यायचा, की धागा बाहेर. सोबत धूळही आत. मी हे वाचलं तेव्हा उठून खांबाजवळ जाऊन उभी राहिले. याच मजल्यावर कुणीतरी दिवसातून कितीदा तरी तसा श्वास घेतला असेल, आणि त्या धुळीत आमच्या बोंडाची पत्ती असेल.

कापसाच्या प्रतीवरून होणारा अपमान मला लहानपणापासून ओळखीचा. खरेदी केंद्रावर बाबांसोबत रात्र रात्र गाडीत काढली आहे. सकाळी प्रत ठरवणारा माणूस यायचा, गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढून उन्हात धरायचा, आणि 'कवडी आहे, पत्ती आहे' म्हणून खालची प्रत लावून पुढच्या गाडीकडे जायचा. बाबा काही बोलायचे नाहीत. मी त्या माणसाच्या पाठीकडे रागानं पाहत राहायची. लँकेशायरच्या बायकांचा राग वाचताना माझी पहिली भावना तीच होती: आमच्या कापसाला नावं ठेवता? खरं सांगायचं तर आठ-दहा दिवस मी ते वाचणंच बंद केलं.

पुन्हा वाचायला बसले तेव्हा पद्धत बदलली. तोवर मी शब्द टाकून शोधत होते. यंत्र तो शब्द पिवळा करून दाखवायचं, मी तेवढा परिच्छेद वाचून पुढे जायची. पानावर बाकी काय आहे याकडे लक्षच नव्हतं. शिवाय यंत्राचं वाचन फार कच्चं. सुरुवातीच्या काळात डिजिटल झालेली बरीच पानं मूळ कागदावरून नाही, मायक्रोफिल्मवरून घेतलेली आहेत. बांधणीच्या घडीत गेलेल्या ओळी काळ्या पडल्या आहेत, शाई पसरली आहे. यंत्राला 'एन'च्या जागी 'यू' दिसतो, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' वेगवेगळे दिसतात, अर्ध्या-पाव पेन्सचे अपूर्णांक तर चिन्हांचा कचरा होऊन येतात. म्हणजे जे शोधून सापडत नाही ते तिथे नसतंच असं नाही. उमरावतीनं मला हे एकदा शिकवलं होतंच.

म्हणून ठरवलं, आता शोधायचं नाही, वाचायचं. एक गाव, एक साप्ताहिक, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, आठवड्यामागून आठवडा. मी 'प्रेस्टन क्रॉनिकल' घेतलं आणि जानेवारी 1862 पासून सुरुवात केली. मुलगी झोपली की रात्री नऊ ते अकरा. एका अंकाला दोन-तीन रात्री लागायच्या.

पहिल्या पानावर बातमी नसते, याची आधी सवय करावी लागते. सगळ्या जाहिराती. घर भाड्यानं, मोलकरीण पाहिजे, ऑस्ट्रेलियाला जाणारी जहाजं, हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम. त्या गोळ्या पोटदुखीपासून पायाच्या जखमेपर्यंत सगळ्यावर चालत. बातम्या आत. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या अंकांवर राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेल्याची छाया आहे. 14 डिसेंबर 1861 ला तो वारला, आणि वर्तमानपत्रांनी रकान्यांमधल्या रेघा जाड काळ्या छापल्या. ते पान उघडलं की सगळा पडदा काळा झाल्यासारखा वाटतो. मग जानेवारीच्या मध्यावर हार्टलीच्या कोळसा खाणीची बातमी येते. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची भलीमोठी तुळई तुटून खाणीच्या एकुलत्या एका विहिरीत कोसळली, वाट बुजली, आणि 204 पुरुष आणि पोरं गेली. मी कापूस शोधत असते तर हे पान मी पाहिलंच नसतं. त्यानंतर इथे खाणीला दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा झाला.

गिरण्यांचा दुष्काळ मात्र बातमी म्हणून एकदम येत नाही. तो पानाच्या कडेकडेनं शिरतो. आधी एखादी ओळ: अमुक गिरणी आठवड्यातून चार दिवस. पुढच्या महिन्यात तीन. गरिबांच्या मदतीसाठी नेमलेल्या पालक मंडळाच्या सभेचे आकडे, गेल्या वर्षी या आठवड्यात इतके, यंदा इतके. हा रकाना पूर्वी पानाच्या तळाशी असायचा. उन्हाळा संपेपर्यंत तो वर सरकतो आणि तीन रकाने व्यापतो. गहाण ठेवलेल्या वस्तूंच्या लिलावाच्या जाहिराती वाढतात. पोलीस कोर्टात कोळसा चोरणारे आणि शेतातले सलगम उपटणारे वाढतात. 1862 च्या डिसेंबरपर्यंत जवळपास 5 लाख माणसं मदतीवर जगत होती. हा आकडा मी पुस्तकात आधी वाचला होता. पण बावन्न आठवड्यांचे अंक ओळीनं वाचल्यावर तो आकडा वाटेना. एकेक गिरणी बंद पडताना मी पाहिली होती.

इतकं बारीक सगळं छापून कसं आलं, याचं कारण कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. वर्तमानपत्रांवर इथे आधी भारी कर होता. 1815 पासून प्रत्येक प्रतीला 4 पेन्सचा शिक्का, 1836 मध्ये तो 1 पेनीवर आला, आणि 1855 मध्ये उठला. जुन्या अंकांच्या कोपऱ्यात तो गोल शिक्का धुरकट डागासारखा दिसतो. जाहिरातींवरचा कर 1853 मध्ये गेला, कागदावरचा 1861 मध्ये. शिक्का गेल्याबरोबर गावोगाव एका पेनीची वर्तमानपत्रं निघाली. 'बरी टाइम्स' 1855 चं, 'रॉचडेल ऑब्झर्व्हर' 1856 चं. म्हणजे हा दुष्काळ पडला तेव्हा गिरणीच्या प्रत्येक गावाला आपलं वर्तमानपत्र मिळून जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. तीसच वर्षं आधी पडला असता, तर बंद पडलेल्या मागावरच्या माणसांचं एवढं काही छापून राहिलं नसतं. एक कर उठल्यामुळे मला त्यांच्या घरांत डोकावता आलं.

तरीही त्या घरांतल्या बायकांचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो, आणि हे मला सतत खुपत राहिलं. सभेत मालक बोलतात, पाद्री बोलतात, मदत समितीचे सभासद बोलतात. बाई बोलते ती कोर्टात, नाहीतर मृत्यूच्या चौकशीत, नवरा किंवा मूल गेल्यावर साक्ष देताना. तिथे दोन-तीन ओळी तिच्या. घरात किती दिवसांपासून विस्तव नव्हता, शेवटचं काय खाल्लं, अंथरूण कधी गहाण पडलं. या ओळी मी वेगळ्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत.

मदत माणशी आठवड्याला साधारण 2 शिलिंग. तीही फुकट नव्हती. पुरुषांनी खडी फोडायची किंवा जुने दोर उकलून त्यांचा काथ्या करायचा. कापसाच्या नाजूक धाग्याला सरावलेली बोटं ती, दगडानं फुटायची. मुलींसाठी शिवणाचे वर्ग निघाले, तिथे बसल्याचे पैसे मिळायचे. मी वहीच्या एका पानावर दोन आकडे शेजारी लिहिले आहेत. युद्धाआधी 7-8 पेन्सला मिळणारा अमेरिकन कापूस 1864 मध्ये 30 पेन्सच्या आसपास गेला. म्हणजे अडीच शिलिंग. एका माणसाच्या आठवडाभराच्या मदतीपेक्षा एक पौंड रुई महाग झाली होती. ज्या सुरती कापसाला शिव्या बसत होत्या, तोही युद्धाआधी पाचेक पेन्सला होता, तो 20 च्या वर गेला. माल कोठारात दाबून ठेवून आणखी भाव चढायची वाट पाहणारे व्यापारी लिव्हरपुलात होते, तसे मुंबईतही होते. मुंबईतला तो सगळा पैशाचा खेळ 1865 मध्ये युद्ध संपल्याबरोबर कोसळला.

1863 चा मार्च मी दोनदा वाचला. 10 मार्चला युवराज एडवर्डचं लग्न डेन्मार्कच्या अलेक्झांड्राशी झालं. त्या आठवड्याच्या अंकांत गावोगावच्या मिरवणुका, कमानी, रोषणाई, मदतीवरच्या मुलांना दिलेला चहा आणि केक. पुढच्याच आठवड्यात, 20 मार्चला, स्टेलीब्रिज या गिरणीगावात दंगल. तिथल्या मदत समितीनं रोख पैसे बंद करून दुकानाच्या चिठ्ठ्या द्यायचं ठरवलं होतं. चिठ्ठी म्हणजे अमुक दुकानातून अमुकच घ्यायचं. लोकांनी त्या नाकारल्या, खिडक्या फोडल्या, मदतीच्या कपड्यांचं कोठार लुटलं. पांगा, नाहीतर बळ वापरू, असा दंगलीचा कायदा वाचून दाखवला, घोडदळ बोलावलं. बहुतेक वर्तमानपत्रं त्यांना कृतघ्न म्हणतात. मला तसं वाटत नाही. महिनोन्महिने निमूटपणे खडी फोडलेल्या माणसाला हातातल्या चार नाण्यांचा तेवढा एक अधिकार उरला होता, की आज भाकरी घ्यायची का कोळसा, हे आपण ठरवू. तो काढून घेतला. आमच्याकडे दुष्काळी कामावर रोखीऐवजी धान्य मिळायचं तेव्हा आजी काय म्हणायची ते मला आठवतं.

आणि याच माणसांनी, उपाशी असताना, अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या बाजूनं उभं राहायला नकार दिला. सगळ्यांनी नाही. लिव्हरपुलात आणि काही गिरणीगावांतही दक्षिणेला पाठिंबा देणारे पुष्कळ होते, सभांचे वृत्तान्त वाचले की ते दिसतं. पण 31 डिसेंबर 1862 ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भरलेल्या सभेनं अध्यक्ष लिंकनला पत्र पाठवलं, आणि 19 जानेवारीला लिंकननं मँचेस्टरच्या कामगारांना उत्तर लिहिलं. फेब्रुवारीत 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' नावाचं जहाज न्यूयॉर्कहून या कामगारांच्या मदतीसाठी पिठाची पिंपं घेऊन लिव्हरपूलला लागलं. ती बातमी मी रात्री अकरा वाजता वाचली आणि नवऱ्याला उठवून वाचून दाखवली.

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये यंत्रानं चुकीचा वाचलेला मजकूर वाचकाला दुरुस्त करता येतो. गेल्या हिवाळ्यापासून मी रोज दहा-पंधरा ओळी दुरुस्त करते. भावाच्या रकान्यांपासून सुरुवात केली. धारवाड, धोलेरा, उमरावती. आता चौकशीच्या साक्षीही करते, कारण गरिबांची आडनावं यंत्र हमखास चुकवतं, आणि त्यांचे वंशज कुठेतरी कॅनडात किंवा न्यूझीलंडमध्ये तेच आडनाव शोधत बसलेले असतात. एखाद्या ओळीसाठी दहा मिनिटं जातात. पान मोठं करायचं, डोळे बारीक करायचे, आधीच्या आठवड्याच्या अंकात तेच नाव आहे का पाहायचं.

मे महिन्यात आम्ही रॉचडेलच्या वरच्या माळावर गेलो. 1863 मध्ये कायदा करून सरकारनं गावांना कर्ज दिलं आणि बेकार गिरणी कामगारांना गटारं, रस्ते, बागा बांधायची कामं काढली. ओल्डमची अलेक्झांड्रा बाग त्यातलीच, 1865 मध्ये उघडलेली, त्याच युवराज्ञीच्या नावाची. रॉचडेलचा हा रस्ता रूली मूर नावाच्या उजाड माळावरून जातो आणि लोक त्याला 'कॉटन फॅमिन रोड' म्हणतात. दगडी चिरे एकाला एक भिडवून बसवलेले, मैलच्या मैल. वारा असा की बोलणं ऐकू येत नव्हतं. मी खाली बसून एका चिऱ्यावर हात ठेवला. कडा अजून सरळ होती.

तिथून परतल्यावर बाबांना सगळं सांगितलं. एका बैठकीत नाही, चार-पाच रविवार लागले. उमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या भावात होतं म्हटल्यावर ते खूश झाले. भाव किती, दर वजनाला की गाठीला, असं खोदून विचारलं. मग मी शुरतबद्दलही सांगितलं. शिवीचं, धुळीचं, धोट्याचं. वाटलं होतं, मी चिडले तसे तेही चिडतील. पलीकडून थोडा वेळ आवाज नव्हता.

"माती कास्तकारानं नसंन टाकली," ते म्हणाले. "मंधातल्यायनं टाकली असंन. वजन वाढे ना."

मी त्यांना सांगितलं की 1863 मध्ये मुंबई सरकारनं कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला होता, तपासनीस नेमले होते, आणि दोष मधल्या लोकांनाच देणारी पत्रं वर्तमानपत्रांत आहेत. ते 'हूं' म्हणाले. त्यांचं मन तिथे नव्हतं.

"त्या बायांले," त्यांनी विचारलं, "सूत तुटलं त्या येळचे पैसे भेटेच नाही म्हन्तं तू?"

"नाही बाबा. ताग्यावर मजुरी होती."

"मंग घरी काय नेत असंन त्या?"

मी वही उघडली आणि त्या साक्षींतल्या ओळी त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले.